सकाळच्या पहिल्या पावलाला टाचेत कळ: प्लांटर फॅशिआयटिस

अस्थिबंध

अंथरुणातून उठून पाऊल टेकलं की टाचेच्या आतल्या बाजूला सुरी खुपसल्यासारखी कळ येते. आठ-दहा पावलं लंगडत टाकली की ती बोथट होते. तासभर बसून उठलं की पुन्हा तीच कळ, आणि दिवस मावळताना ठणका. हे वर्णन जुळत असेल तर दुखणं बहुतेक वेळा तळपायाच्या पट्टीचं, म्हणजे प्लांटर फॅशियाचं असतं. या दुखण्याची माहिती तुकड्यातुकड्यांत मिळते आणि एक तुकडा दुसऱ्याला छेद देतो, म्हणून सगळं एका धाग्यात आणू या.

ही पट्टी टाचेच्या हाडाच्या खालच्या अंगाला, आतल्या उंचवट्यापासून निघते, कमानीखालून पंख्यासारखी पसरते आणि पाचही बोटांच्या मुळाशी जाऊन बसते. ती स्नायू नाही. स्वतःहून आखडत नाही, आणि ओढली तरी फारच थोडी लांबते. हाताने पाहायची असेल तर पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. एका हाताने पायाची बोटं नडगीकडे वाकवा आणि दुसऱ्या हाताचा अंगठा कमानीवर आडवा फिरवा. कातडीखाली ताणलेल्या दोरीची कड लागेल. ती दोरी चाचपत मागे या. टाचेची गादी जिथे सुरू होते तिथे, आतल्या बाजूला, दाबल्यावर तीच ओळखीची कळ आली तर जागा सापडली.

तिचं काम रहाटासारखं आहे. चालताना टाच उचलली की बोटं वर वाकतात, पट्टी चवड्याच्या सांध्याभोवती ओढली जाते, टाच आणि चवडा एकमेकांकडे खेचले जातात आणि कमान उंचावून पाऊल कडक होतं. हिक्स यांनी १९५४ साली याचं वर्णन केलं आणि नावही रहाटाचंच दिलं, विंडलास. पुढे सगळ्या व्यायामांत ‘बोटं वर वाकवा’ असं का येतं, त्याचं उत्तर इथे आहे.

आता नावाबद्दल. ‘आयटिस’ म्हणजे दाह. पण २००३ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या ५० रुग्णांच्या नमुन्यांची सूक्ष्मदर्शकाखालची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत दाह आढळला नाही, आढळली ती झीज आणि विस्कटलेले तंतू. म्हणून जुन्या टाचदुखीत दाहशामक गोळ्यांनी कळ दबते, पण पट्टी सुधारत नाही. पट्टी सुधारते ती मोजून, हळूहळू वाढवलेल्या भाराने. निव्वळ झोपून राहिल्याने ती आणखी दुबळी होते, आणि दुखणं रेटत चालत राहिलं तर आणखी उसवते. सगळे उपाय या दोन टोकांच्या मधले आहेत.

सकाळीच का दुखतं? झोपेत पावलाचा चवडा खाली झुकलेला असतो, त्यामुळे पोटरी आणि पट्टी दोन्ही रात्रभर आखूड अवस्थेत राहतात. पहिल्या पावलाला अख्ख्या शरीराचं वजन त्यांना एकदम ताणतं.

---

पाऊलखूण

एक्स-रे काढल्यावर ‘टाचेचं हाड वाढलंय’ असं सांगतात. मग ते हाड काढल्याशिवाय टाच बरी होईल का?

---

अस्थिबंध

होते. ते टोकदार हाड कळीचं कारण नसतं. टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही ते दिसतं, आणि टाच दुखणाऱ्या अनेकांच्या एक्स-रेत दिसत नाही. शिवाय ते बहुतेक वेळा पट्टीत नसतं, पट्टीच्या वरच्या थरातल्या बोटं वाकवणाऱ्या छोट्या स्नायूच्या मुळाशी असतं. दुखणं पूर्ण थांबतं तेव्हाही ते हाड जिथल्या तिथेच राहिलेलं असतं. ‘काटा टोचतोय’ हे चित्र डोक्यात बसलं की माणूस पाऊल टेकायला घाबरतो, आणि ज्या व्यायामाने बरं व्हायचं तोच टाळतो. म्हणून हा गैरसमज आधी काढायला हवा.

निदानाला एक्स-रे लागतोच असं नाही. शंका असेल तर सोनोग्राफीत पट्टीची जाडी मोजतात. टाचेपाशी ४ मिलिमीटरपेक्षा जाड भरली तर निदानाला बळ मिळतं.

---

निशिगंधा_फिजिओ

व्यायामांबद्दल नेमकं लिहिते, कारण ‘स्ट्रेचिंग करा’ एवढंच ऐकून लोक बहुधा फक्त पोटरी ताणतात.

पट्टीचा ताण: पलंगाच्या कडेला बसा, पाऊल जमिनीवर टेकण्याआधी. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर. त्याच बाजूच्या हाताने पाचही बोटं मुळाशी धरा (टोकाशी नाही, नाहीतर नुसती पेरं वाकतात) आणि नडगीकडे ओढा. घोटाही सोबत वर येऊ द्या. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने कमानीतली दोरी ताणलेली आहे ना, ते तपासा. ती घट्ट लागत नसेल तर ताण बसलेलाच नाही. १० सेकंद धरा, सोडा, असं १० वेळा. दिवसातून ३ फेऱ्या. पहिली फेरी उठण्याआधी, बाकीच्या बराच वेळ बसून उठण्याआधी. २००३ साली अमेरिकेत झालेल्या चाचणीत हा ताण नुसत्या पोटरीच्या ताणापेक्षा सरस ठरला, तो याच मात्रेत.

पोटरीही सोडायची नाही. आधी ती किती आखडली आहे ते मोजा. भिंतीसमोर उभे राहून पायाचा अंगठा भिंतीपासून १० सेंटिमीटरवर ठेवा. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का? टेकत नसेल तर पाऊल थोडं थोडं पुढे घ्या आणि टेकेल ते अंतर लिहून ठेवा. दोन पायांत २ सेंटिमीटरच्या वर फरक असेल तर कमी अंतर भरलेली बाजू कामाला लावायची. भिंतीला हात टेकून तो पाय मागे घ्या. मागचा गुडघा सरळ ठेवून ३० सेकंद, मग किंचित वाकवून ३० सेकंद, प्रत्येकी ३ वेळा. गुडघा सरळ असताना वरचा मोठा स्नायू ताणला जातो, वाकवला की खालचा सोलियस. मागचं पाऊल बाहेर फाकवू नका. फाकवलं की कमान आत कोसळते, ताण पोटरीला न बसता कमानीला बसतो, आणि ‘व्यायामानं वाढलं’ अशी तक्रार येते.

---

कोलॅजन

ताणाने सकाळ सुसह्य होते, पण पट्टीची ताकद वाढते ती भाराने. त्याचा नेमका कार्यक्रम २०१४ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी मांडला. तो असा:

पायरीच्या कडेवर उभे राहा, आधाराला कठडा. टॉवेलची गुंडाळी करून बोटांखाली ठेवा, इतकी जाड की टाच पूर्ण वर असताना बोटं जमतील तितकी मागे वाकली पाहिजेत. गुंडाळी फक्त बोटांखाली, चवडा पायरीवरच. एका पायावर वर जायला ३ सेकंद, वर थांबणं २ सेकंद, खाली यायला ३ सेकंद. एक दिवसाआड. सुरुवातीला १२ वेळा कसंबसं जमेल असा भार आणि ३ फेऱ्या. २ आठवड्यांनी पाठीवरच्या पिशवीत पुस्तकं भरून १० वेळाच जमेल इतका भार आणि ४ फेऱ्या. ४ आठवड्यांनी ८ वेळा आणि ५ फेऱ्या. एका पायावर जमत नसेल तर दोन्ही पायांवर सुरू करा आणि जमू लागताच एकावर या.

कुठे चुकतं:

पहिली चूक वेगाची. मनात ‘एक-दोन-तीन’ न मोजता केलं की सगळे उड्या मारल्यासारखं करतात. मग काम पोटरीची उसळी करते आणि पट्टीला हवा तो संथ भार मिळतच नाही.

दुसरी, टाच वर नेताना घोटा बाहेर कलंडणं. वजन करंगळीकडे गेलं की अंगठ्याखालचा भाग सुटतो, आणि पट्टीचा सगळ्यात जाड धागा तर तिथेच जातो. अंगठ्याचं मूळ दाबलेलंच राहिलं पाहिजे. मागून मोबाईलने चित्रीकरण केलं तर हे लगेच दिसतं.

तिसरी, रोज करणं. भारानंतर तंतूंना सावरायला वेळ लागतो. मधला दिवस हा उपचाराचाच भाग आहे.

त्या चाचणीत ३ महिन्यांनी भाराचा गट ताणाच्या गटापेक्षा बराच पुढे होता, १२ महिन्यांनी मात्र दोघे जवळपास सारखे होते. म्हणजे भाराने लवकर आराम पडतो. ताण करणाऱ्याचं नुकसान होतं असं नाही.

---

मंद्र

तळव्याखाली कडक चेंडू घेऊन टाचेवर जोर देऊन रगडलं तर गाठ फुटते असं ऐकलंय. जितकं दुखेल तितकं चांगलं म्हणतात. आणि हे व्यायाम करताना दुखलं तर थांबायचं का?

---

निशिगंधा_फिजिओ

रगडू नका. तिथे फुटण्यासारखी गाठ नसते. पट्टी हाडाला चिकटते ती जागा आधीच चिडलेली असते, आणि तिथे जोर दिला की दुसऱ्या सकाळी कळ वाढते. चेंडू फिरवायचाच असेल तर मऊसर घ्या, फक्त कमानीखाली, बसूनच, २ ते ३ मिनिटं. गोठवलेली पाण्याची बाटली पातळ कापडात गुंडाळून ५ ते १० मिनिटं फिरवली तर संध्याकाळचा ठणका कमी होतो. तो दिलासा आहे, उपचार नाही.

मधुमेहामुळे तळपाय बधिर झालेल्यांनी बर्फ, गरम पाणी, कडक चेंडू यातलं काहीही करू नये. चटका किंवा जखम कळतच नाही, आणि टाचेवरची जखम भरायला फार काळ घेते.

व्यायामात दुखण्याचं माप असं धरा: ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे असह्य. ३ ते ४ पर्यंत चालेल. खरा निकाल दुसऱ्या सकाळचं पहिलं पाऊल देतं. ती कळ कालच्याइतकीच किंवा कमी असेल तर भार बरोबर. स्पष्ट वाढली असेल तर पुढच्या खेपेला एक फेरी कमी करा, व्यायाम सोडू नका. रोज सकाळी तो एक आकडा वहीत लिहा. दिवसागणिक तो वरखाली होतो आणि मन खट्टू होतं. २ आठवड्यांची सरासरी पाहिली की खरी दिशा दिसते.

---

दिवसभर_उभे

काम ८-९ तास उभ्याने असेल तर व्यायामाला अर्थ आहे का? सुट्टी मिळत नाही. पादत्राणं कुठली हवीत?

---

अस्थिबंध

अर्थ आहे, पण दिवसाचा भार उतरवायला हवा. नाहीतर व्यायामाचा भार आधीच भरलेल्या भांड्यात पडतो. एका जागी निश्चल उभं राहणं चालण्यापेक्षा वाईट. दर अर्ध्या तासाने २ मिनिटं बसता येत नसेल तर एक पाय छोट्या स्टुलावर, मग दुसरा. पायांखाली जाड रबरी चटई.

बूट घेताना हातात धरून तपासा. चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध दुमडला तर परत ठेवा. दोन्ही टोकं धरून ओल्या फडक्यासारखा पिळला जात असेल तर तो कमानीला आधार देणार नाही. टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबून चेपला जाता कामा नये. टाच चवड्यापेक्षा साधारण १ सेंटिमीटर उंच असेल तर पोटरी आणि पट्टी दोन्हींवरचा ताण हलका होतो. अगदी सपाट चपला आणि कडक फरशीवर अनवाणी चालणं सध्या बंद. मऊ तळाच्या चपला पलंगाशीच ठेवा. स्वच्छतागृहापर्यंतची दहा पावलंही त्यांतच.

आतल्या तळव्यांबद्दल (इन्सोल): तयार मिळणारे, कमानीला टणक आधार देणारे बहुतेकांना पुरतात. मापाने बनवलेले महागडे तळवे वर्षाअखेरीस त्यांच्यापेक्षा सरस ठरल्याचं दिसलेलं नाही. नुसता जेलचा टाचेचा तुकडा गादी देतो, कमान धरत नाही.

---

निशिगंधा_फिजिओ

उभ्याच्या कामाला टेपही लावून पाहा. सूज-कळ भरात असताना पहिल्या आठवड्यात याचा गुण सगळ्यात लवकर येतो. न ताणणारी ३.८ सेंटिमीटर रुंदीची टेप घ्या, ताणणारी रंगीत नको. पाऊल धुऊन पूर्ण कोरडं करा. पहिला पट्टा करंगळीच्या मुळाखालून बाहेरच्या कडेने मागे, टाचेला वळसा घालून आतल्या कडेने अंगठ्याच्या मुळापर्यंत. शेवटचं टोक चिकटवताना अंगठ्याचं मूळ खाली दाबून धरा. इथे कमानीला उंची मिळते, आणि नेमकी हीच पायरी गाळली जाते. मग बाहेरून आत, तळव्याखालून आडवे ३ ते ४ पट्टे, एकमेकांवर अर्धे चढलेले, टाचेच्या पुढच्या कडेपासून चवड्याच्या अलीकडेपर्यंत. वर आणखी एक पहिल्यासारखा पट्टा, टोकं दाबून ठेवायला. पावलाच्या वरच्या अंगाला टेप पूर्ण गोल गुंडाळू नका, वजन टाकल्यावर पाऊल पसरतं आणि आवळतं.

उभं राहून चाला. लगेच फरक जाणवला पाहिजे. जाणवला नाही तर टेप चुकीची बसली आहे किंवा निदान चुकलं आहे. २ दिवसांनी काढा, खाज सुटली तर आधीच. टेपने ज्याला चांगला आराम पडतो त्याला कमानीचे तळवेही बहुधा मानवतात, म्हणून तळव्यांवर खर्च करण्याआधी टेप लावून पाहावी.

---

अनाहत_४२

दुखणं टाचेत नाही, कमानीच्या मधोमध आहे. हेही तेच का?

---

अस्थिबंध

असू शकतं, पण कमान दुखते तेव्हा इतर शक्यता आधी वगळायच्या.

आतल्या घोट्यामागे सूज आहे आणि एका पायावर चवड्यावर उभं राहताच येत नाही किंवा टाच वर जाताना आत वळत नाही, तर घोट्यामागून कमानीला येणाऱ्या स्नायुबंधाचं (टिबियालिस पोस्टीरियर) दुखणं समजा. हे दुर्लक्षित राहिलं तर कमान कायमची बसते, म्हणून लवकर दाखवा. कमानीत बोटाला टणक, न हलणारी गाठ लागते तर ती पट्टीतली फायब्रोमा असू शकते. ती ताणून किंवा रगडून जात नाही.

टाचेतही सगळं दुखणं पट्टीचं नसतं. आग, मुंग्या, रात्री झोपेतही त्रास, आणि आतल्या घोट्यामागे टिचकी मारल्यावर तळव्यात झिणझिण्या आल्या तर नस दबली आहे. टाचेच्या अगदी मधोमध, कडक जमिनीवर चालेल तसं वाढत जाणारं, सकाळी विशेष नसलेलं दुखणं टाचेच्या चरबीच्या गादीचं. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबल्यावर जोराची कळ आली आणि अलीकडे धावणं-चालणं एकदम वाढलं असेल तर हाडाला सूक्ष्म भेग असू शकते. त्यात वर दिलेला भाराचा व्यायाम करायचा नाही, आधी तपासणी.

वय चाळिशीच्या आत, दोन्ही टाचा, सकाळी कंबर अर्ध्या तासाहून जास्त आखडलेली, सोबत सोरायसिस किंवा डोळे लाल होऊन दुखणं, असं असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे जा. तिथे खरोखरच दाह असतो आणि औषध वेगळं असतं. ८ ते १४ वर्षांच्या खेळणाऱ्या मुलाची टाच मागून दुखत असेल तर ते बहुधा वाढीच्या कूर्चेचं असतं, पट्टीचं नव्हे.

---

पाऊलखूण

स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यावं का? आणि शॉकवेव्ह?

---

कोलॅजन

इंजेक्शनचा आराम खरा असतो, पण बहुधा महिनाभराचा, फार तर तीनेक महिन्यांचा. वारंवार घेतलं तर गादी पातळ होण्याचा आणि पट्टी तुटण्याचा धोका वाढतो. तुटली की कमानीत अचानक ‘टक्’ होऊन तीव्र कळ येते, काळंनिळं होतं, चवड्यावर उभं राहवत नाही. कळीमुळे व्यायामच करता येत नाही अशा वेळी एखादं इंजेक्शन वेळ मिळवून देतं. त्यानंतर २ आठवडे पळणं-उड्या बंद ठेवा. दुखत नाही म्हणून लोक लगेच जास्त चालतात आणि पट्टी तिथेच उसवते.

शॉकवेव्ह (टाचेवर यंत्राने दाबलहरींचे ठोके देणं) ही ३ ते ६ महिने नीट व्यायाम करूनही अडलेल्यांसाठी. आठवड्यातून एकदा, साधारण ३ वेळा. गुण लगेच येत नाही, ६ ते १२ आठवडे थांबावं लागतं. गरोदरपणात, रक्त पातळ करणारी औषधं चालू असताना किंवा रक्तस्रावाचा विकार असल्यास डॉक्टरांना आधी सांगा.

रात्री घोटा काटकोनात धरणारी पट्टी (नाइट स्प्लिंट) सकाळची कळ फार असणाऱ्यांना उपयोगी पडते. बोटं बधिर झाली तर पट्टे सैल करा. पूर्ण रात्र सहन होत नसेल तर झोपेपूर्वीचे दोन तास वापरून हळूहळू वाढवा.

शस्त्रक्रिया अगदी थोड्यांना लागते, आणि तीही ६ ते १२ महिने सगळं करून झाल्यावर. तीत पट्टीचा आतला काही भाग सैल करतात, निम्म्याहून जास्त नाही. पूर्ण कापली तर कमान खचते आणि पावलाची बाहेरची कड दुखू लागते.

---

अनाहत_४२

सगळं नियमित केलं तर किती दिवसांत? आणि पळणं परत कधी?

---

निशिगंधा_फिजिओ

दिवसांत नाही, महिन्यांत मोजा. पहिला फरक ४ ते ६ आठवड्यांनी, भरीव फरक ३ महिन्यांनी, आणि बहुतेकांचं दुखणं वर्षभरात निवळतं. लोक बहुधा तिसऱ्या आठवड्यात व्यायाम सोडून नवा उपाय शोधतात. ६ आठवडे नीट करूनही आकडा जराही हलला नसेल तर निदान पुन्हा तपासून घ्या.

पळण्यासाठी तीन गोष्टी हव्यात: ३० मिनिटं भरभर चालूनही दुसऱ्या सकाळी कळ न वाढणं, एका पायावर २० संथ टाचा उचलता येणं, आणि जागच्या जागी दुखऱ्या पायावर १० उड्या मारताना कळ न येणं. मग १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं, असं ८ वेळा, एक दिवसाआड. सकाळचा आकडा स्थिर असेल तरच पुढच्या आठवड्यात पळण्याचं मिनिट वाढवा. चढ आणि जोरात धावणं सगळ्यात शेवटी. त्यात बोटं सर्वाधिक वाकतात आणि रहाटाचा दोर पुरता आवळला जातो.

कळ थांबल्यावरही टाचा उचलण्याचा व्यायाम आठवड्यातून दोनदा, निदान ३ महिने चालू ठेवा. कळ आधी थांबते, तंतू मजबूत व्हायला त्यानंतरही वेळ लागतो.